भाऊजी जेवायला येताना स्वतःचा डबा आणतात

प्रश्न : आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. सासरे निवृत्त शिक्षक, पूर्वी मंडळीत पंच होते. धाकटे दीर पुण्यात आयटीत आहेत. दीड वर्षापासून ते शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ शब्बाथ पाळतात, येशूला येशुआ म्हणतात. डुकराचं मांस आणि कोळंबी त्यांनी सोडली. इथपर्यंत कुणाची हरकत नव्हती. पण आता रविवारी नगरला आले की आमच्या भांड्यांतलं काही खात नाहीत. डबा आणतात आणि आतल्या खोलीत एकटे बसून जेवतात. म्हणतात, पहिले शिष्य यहुदीच होते, पौलानं सगळं बिघडवलं आणि कॉन्स्टंटाइन बादशहानं शनिवारचा रविवार केला. सासऱ्यांना रविवारी मटण आणि रक्ती लागते. ते ओरडतात, "यहुदी झालास ना, मग या घरात पाय ठेवू नकोस. पौलानं नियमशास्त्र कधीच मोडीत काढलंय." जाऊबाईंना सातवा महिना आहे. मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता करणार, असं भाऊजींनी जाहीर केलंय. माझे मिस्टर पुण्याला गेले की भावाबरोबर मेणबत्त्या लावून शब्बाथचं जेवण जेवतात, पण नगरला सासऱ्यांसमोर तोंड उघडत नाहीत. खरं कोणाचं? आणि मी काय करू?
— एक सून, अहिल्यानगर

ताई,

पत्र वाचून माझं लक्ष आधी तुमच्या मिस्टरांकडे गेलं. सासरे आणि भाऊजी मोठ्यानं भांडतात म्हणून सगळे त्यांच्याकडे बघतात. पण पुण्यात मेणबत्ती लावणारा आणि नगरला मान खाली घालून भात कालवणारा माणूस मला फार ओळखीचा वाटला. पवित्र शास्त्रात त्याचं नाव पेत्र आहे, येशूचा पट्टशिष्य.

मी पाळक नाही, आयुष्यभर इतिहास शिकवला. तेव्हा त्याच अंगानं लिहिते. अंत्युखियाची गोष्ट तुमच्या घरात सगळ्यांनी ऐकलेली असणार, तरी एकदा सावकाश बघू. ओरोंटेस नदीकाठचं हे मोठं शहर, आज तुर्कस्तानात त्याला अंताक्या म्हणतात. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा इथंच पडलं. इथल्या मंडळीत यहुदी होते, परराष्ट्रीय म्हणजे यहुदी नसलेलेही होते आणि सगळे एका पंगतीला बसत. पेत्र आला, तोही बसला. मग यरुशलेमेहून, तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसं आली आणि पेत्र मागे सरायला लागला, वेगळा बसायला लागला. त्याचं बघून बाकीचे यहुदी उठले, आणि शेवटी परराष्ट्रीयांमध्ये येशूचा प्रचार करणाऱ्या पौलाचा जोडीदार बर्णबासुद्धा. पौलानं पेत्राला सगळ्यांदेखत सुनावलं. इ.स. ५० च्या आसपासची ही घटना. पौल स्वतःच ती गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगतो, आणि सांगताना त्याचा राग अजून निवलेला नाही.

आता यात एक गंमत आहे. त्या जेवणात काय वाढलं होतं, हे पौल सांगतच नाही. पेत्रानं काय खावं न खावं यावर त्याचं काही म्हणणं नाही. पेत्र पानावरून उठला, ही त्याची तक्रार. तू यहुदी असून परराष्ट्रीयांसारखा राहतोस, मग त्यांनी यहुद्यांसारखं वागावं अशी सक्ती का करतोस, असं तो विचारतो. पेत्रानं तोंडानं कुणावर सक्ती केली नव्हती. पण मान्यवर माणूस पंगतीतून उठला की उरलेल्यांना न सांगता कळतं, आपलं पान हलकं ठरलं.

हे आपल्याकडे समजावून सांगायला टीकाग्रंथ लागत नाहीत. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांच्या पूर्वजांना गावात पाणी वेगळं होतं आणि भाकरी वरून टाकली जायची. मिशनच्या शाळेत, मंडळीत ते आले तेव्हा त्यांना जे मिळालं त्यात अक्षरओळख होती, प्रार्थना होती आणि सगळ्यांबरोबर बसून जेवणं होतं. तुमच्या सासऱ्यांच्या वडिलांनी त्यांना काय काय सांगितलं असेल याची मी फक्त कल्पना करू शकते. त्या घरात पोटचा मुलगा "तुमच्या भांड्यांतलं मला चालत नाही" म्हणतो, तेव्हा सासऱ्यांच्या कानावर शब्बाथ पडत नाही, दुसरंच काहीतरी पडतं. ते नियमशास्त्राच्या, म्हणजे मोशेच्या यहुदी नियमांच्या नावानं ओरडतात, कारण ते दुसरं बोलायला त्यांना जड जात असावं. भाऊजींच्या हे लक्षातही आलं नसेल. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. ते कुणी सांगावं, त्यावर पुढे येते.

म्हणजे पौल बरोबर आणि याकोबाची माणसं आडमुठी, असं मी म्हणतेय असं समजू नका. आपल्या प्रवचनांतून ती माणसं फार स्वस्तात काढली जातात. इ.स.पू. १६७ मध्ये अंत्युख चौथा या राजानं यहुदियात सुंतेवर बंदी घातली. ज्या आयांनी तरीही मुलांची सुंता केली त्यांना मारलं, आणि त्यांची तान्ही बाळं त्यांच्याच गळ्यात लटकवली, असं मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात नोंदवलंय. डुकराचं मांस तोंडात कोंबलं तरी न गिळता मेलेल्या म्हाताऱ्या एलाजाराची कथा दुसऱ्या पुस्तकात आहे. पेत्र आणि याकोब या गोष्टी ऐकत मोठे झालेले लोक. ज्यासाठी खापरपणज्यांनी जीव दिला, ते "आता गरजेचं नाही" असं सहज म्हणवत नाही. शिवाय त्यांच्या धन्याचीच, येशूचीच सुंता झाली होती, तो सभास्थानात जात होता, आणि नियमशास्त्र रद्द करायला मी आलेलो नाही, हे वाक्य मत्तयानं त्याच्याच तोंडी दिलंय. भाऊजींना जे खुणावतंय ते खोटं नाही. पहिले शिष्य यहुदी होते, हे सपशेल खरं आहे.

आणि हा वाद काही ख्रिस्ती लोकांनी काढलेला नव्हे. जोसेफस हा यहुदी इतिहासकार त्याच शतकातली एक गोष्ट सांगतो. आजच्या उत्तर इराकमध्ये अदियाबेने नावाचं छोटं राज्य होतं. तिथल्या इझातेस या राजाला यहुदी धर्माची ओढ लागली. हनन्या नावाचा यहुदी व्यापारी त्याला म्हणाला, सुंता न करताही तुला देवाची उपासना करता येईल. पुढे गालीलातून एलाजार नावाचा दुसरा यहुदी आला. राजा मोशेचं नियमशास्त्र वाचत बसलेला पाहून तो म्हणाला, नुसतं वाचतोस काय, त्यात लिहिलंय ते कर. राजानं सुंता करून घेतली. दोघेही सल्लागार यहुदी, दोघेही धार्मिक, आणि सल्ले उलटे. परक्या माणसाला आत घ्यायचं तर कुठल्या दारानं, हा यहुद्यांचा आपसातलाच प्रश्न होता. पौल आणि याकोब त्याच अंगणात उभे राहून बोलत होते.

आता यरुशलेमेच्या सभेबद्दल, कारण सासरे तिचा दाखला देणार. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५. परराष्ट्रीयांनी सुंता करायची गरज नाही, असं ठरलं. निकाल दिला याकोबानं. मात्र सोबत चार गोष्टी वर्ज्य सांगितल्या : मूर्तींना वाहिलेलं, जारकर्म, गळा दाबून मारलेलं, आणि रक्त. ताई, सासऱ्यांना हे तुम्ही सांगू नका, पण रविवारची रक्ती त्या यादीत सरळसरळ बसते. नियमशास्त्र मोडीत निघालं म्हणणाऱ्यांच्या ताटात ती असावी याचं मला हसू आलं, माफ करा. माझ्या मते ती यादी दोघांना एका पंगतीला बसता यावं म्हणूनच केली होती. इस्राएलांमध्ये राहणाऱ्या परक्यांसाठी लेवीयच्या पुस्तकात जे सांगितलंय, त्याच्याशी ती बरीच जुळते. म्हणजे परराष्ट्रीयांनी थोडं सोडायचं, यहुद्यांनी पंगत सोडायची नाही.

भाऊजींची दोन विधानं तेवढी तपासू. कॉन्स्टंटाइननं ३२१ मध्ये रविवार सुट्टीचा केला हे खरं. पण त्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी रोममध्ये राहणारा जस्टिन हा ख्रिस्ती लेखक ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचं वर्णन करतो : वाचन, प्रवचन, भाकर, द्राक्षारस, गरिबांसाठी वर्गणी. बादशहाचा त्यात हात नव्हता. उलट, शनिवार पाळणारे ख्रिस्ती लोकही शतकानुशतकं होते. चौथ्या शतकात लावदिकियाच्या धर्मसभेला, ख्रिस्ती माणसानं शब्बाथाला काम बंद ठेवू नये, असा नियम करावा लागला. लोक पाळत होते म्हणूनच ना? इथिओपियाच्या जुन्या मंडळीत शनिवारचा मान आजही आहे. तेव्हा शनिवार पाळणं हा काही धर्मद्रोह नाही, आणि रविवार हा काही बादशहाचा कट नाही.

"पौलानं बिघडवलं" हे म्हणणंही जुनंच. दुसऱ्या शतकात एबियोनी म्हणून एक पंथ होता, तो नेमकं हेच म्हणायचा, असं त्याच शतकातला ख्रिस्ती लेखक इरेनियस लिहितो. पण कृत्यांचा २१ वा अध्याय भाऊजींनी आणि सासऱ्यांनी दोघांनी वाचावा, शेजारी बसून वाचला तर आणखी चांगलं. पौल शेवटचा यरुशलेमेला येतो. याकोब त्याला म्हणतो, इथं हजारो यहुद्यांनी विश्वास धरलाय आणि सगळे नियमशास्त्राचे कट्टर अभिमानी आहेत. तू यहुद्यांना मोशे सोडायला शिकवतोस असं त्यांच्या कानावर आलंय. मग पौल नवस केलेल्या चार माणसांचा खर्च उचलतो, स्वतः शुद्ध होतो आणि मंदिरात जातो. मोडीत काढलेल्या गोष्टीसाठी कुणी पदरचे पैसे घालत नाही. तिथंच त्याच्यावर आळ येतो की यानं त्रफिम नावाच्या इफिसकराला, परराष्ट्रीयाला, आत आणलं. मंदिराच्या कठड्यावर तेव्हा ग्रीक भाषेत पाट्या होत्या : परक्यानं आत येऊ नये, पकडला गेला तर मरणाला तोच जबाबदार. त्यातली एक १८७१ मध्ये सापडली, ती आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. पौल पकडला गेला तो असा, मंदिरात, नियमानुसार वागत असताना.

भाऊजींना आणखी एक सांगावंसं वाटतं. यहुदी परंपरा परराष्ट्रीयांकडून शब्बाथची अपेक्षाच करत नाही. नोहाच्या वंशजांचे म्हणून जे सात नियम ती जगासाठी सांगते, त्यांत शब्बाथ नाही. आपल्या कोकणात बेने इस्राएल हे यहुदी पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत होते, शनिवारी घाणा बंद ठेवत होते, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांचा शनिवार त्यांचा होता. शेजाऱ्यानं आपला घाणा सोमवारी बंद ठेवला की मंगळवारी, याची चौकशी त्यांनी केली नाही. शब्बाथ कसा पाळतात हे भाऊजींना खरंच शिकायचं असेल, तर व्हिडिओ बंद करून ज्यांच्या घरात तो दोन हजार वर्षं चालत आलाय त्यांना विचारावं. पुण्यात ते अवघड नाही. फक्त त्यांचा सण आपला म्हणून उचलण्याआधी त्यांना काय वाटतं, तेही ऐकावं.

सुंतेचं काय? पौलानं दोन तरुणांच्या बाबतीत दोन निर्णय दिले. तीमथ्याची आई यहुदी, बाप हेल्लेणी म्हणजे ग्रीक. त्याची सुंता पौलानं स्वतः केली. तीत हेल्लेणी होता. त्याची करा म्हणून दबाव आला तेव्हा पौल तसूभरही हलला नाही. माणूस कोण आहे हे बघून त्यानं ठरवलं. तुमच्या होणाऱ्या पुतण्याचे आईवडील दोघंही मराठी ख्रिस्ती. मग तो तीत की तीमथ्य? भाऊजींनी याचं उत्तर द्यावं. माझं विचाराल तर मी करणार नाही. तरीही कायद्यानं आणि रीतीनं तो आईबापांचा निर्णय आहे, आजोबांचा नव्हे, आणि काही झालं तरी ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या हातून व्हावं. पण ताई, तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात जाऊबाईंचं मत एका ओळीतही नाही. त्या काय म्हणतात? त्यांना कुणी विचारलंय का? त्याही शब्बाथ पाळतात, की शनिवारी गॅस न पेटवता स्वयंपाक कसा उरकायचा याची तजवीज शुक्रवारी सात महिन्यांच्या पोटानं करतात?

सासऱ्यांकडे वळते. त्यांच्या दुखण्याबद्दल वर लिहिलं. पण "यहुदी झालास" ही शिवी म्हणून वापरणं त्यांनी थांबवावं. याच अंत्युखियात ३८६-८७ मध्ये योहान क्रिसोस्तोम या मोठ्या वक्त्यानं, यहुद्यांच्या सणांना जाणाऱ्या आपल्याच ख्रिस्ती लोकांविरुद्ध एकापाठोपाठ एक प्रवचनं दिली. रोख आपल्या लोकांवर होता, पण भाषा यहुद्यांवर इतकी विषारी होती की पुढची कित्येक शतकं युरोपात ती त्यांच्याविरुद्ध कामाला आली. शिक्षक माणूस आहेत, त्यांना हे पटेल. त्यांना जस्टिन आवडेल. एका यहुद्याशी झालेला संवाद म्हणून त्यानं जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याला थेट विचारलंय : येशूला मानणारा पण नियमशास्त्रही पाळणारा माणूस तरेल का? जस्टिन म्हणतो, तरेल, जोवर तो इतरांवर तसं वागण्याची सक्ती करत नाही. आणि पुढे कबूल करतो की अशा लोकांशी बोलायलाही, त्यांना घरी घ्यायलाही काही ख्रिस्ती तयार नसतात, पण मी त्यांच्याशी सहमत नाही. तुमच्या घरातला उंबरठ्याचा वाद त्यानं साधारण इ.स. १६० च्या सुमारास मिटवला होता.

पंडिता रमाबाईंचंही त्यांना आठवून द्या. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या शाकाहारीच राहिल्या. तिथल्या काही भगिनींना त्यात जातीचा गर्व दिसला आणि रमाबाईंनी पत्रातून त्यांना खरमरीत उत्तर दिलं. त्याच रमाबाईंनी नंतर केडगावात (दौंडजवळच्या, तुमच्या नगरच्या नव्हे) मूळ भाषांवरून सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणलं. त्यांच्या ताटात काय नव्हतं, यावरून त्यांचा विश्वास कुणी मोजत बसत नाही.

आता मिस्टर. जेरोम आणि ऑगस्टीन या चौथ्या-पाचव्या शतकातल्या ख्रिस्ती विद्वानांत अंत्युखियाच्या प्रसंगावरून वर्षानुवर्षं पत्रापत्री झाली. जेरोमचं म्हणणं, पेत्र आणि पौल यांचं भांडण खरं नव्हतंच, लोकांना धडा मिळावा म्हणून दोघांनी केलेलं ते सोंग होतं. ऑगस्टीन म्हणाला, छे, पेत्र खरोखरच चुकला. मला ऑगस्टीन पटतो. त्यात पेत्राचा कमीपणा नाही. सगळे प्राणी खायला सांगणारी चादर यापोला दृष्टांतात उतरलेली पाहिलेला, कर्नेल्य या परराष्ट्रीय रोमी अधिकाऱ्याच्या घरी राहून आलेला माणूस, त्याला सगळं ठाऊक होतं. तो फक्त घाबरला. तुमचे मिस्टरही घाबरतात, बापाला घाबरतात, आणि दोन्हीकडे भलं म्हणवून घेतात. डब्यामागचं ते जुनं दुखणं भाऊजींना सांगायचं काम त्यांचं आहे. तुम्ही सांगितलंत तर "वहिनी पप्पांची बाजू घेतात" होईल. सासऱ्यांनी सांगितलं तर आरडाओरडा होईल. भावानं, पुण्यात, शुक्रवारी त्याच मेणबत्तीसमोर बसून सांगावं. आणि नगरला येऊन वडिलांना सांगावं की मी तिथं जेवतो. दोन्ही वाक्यं छोटी आहेत.

पौलानं सुनावल्यावर पेत्र काय बोलला, परत पानावर बसला की नाही, हे पौल लिहीत नाही. पौल जिंकला असता तर त्यानं लिहिलं असतं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. तेव्हा पहिल्याच रविवारी सगळं सुरळीत होईल असं मी म्हणत नाही.

येत्या रविवारी एवढं करून बघा. रक्ती नको, कोळंबी नको. वांग्याचं भरीत, भाकरी, पिठलं, भात. सासरे कुरकुरतील, कुरकुरू द्या, मटण त्यांना बुधवारी खाऊ घाला. दोन नवी पातेली आणि पाच-सहा ताटं आणा, भाऊजींसाठी वेगळी म्हणून नव्हे, त्या दिवशी सगळ्यांनी त्यातच जेवायचं म्हणून. पौल रोमकरांस लिहितो की खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. हे वचन त्या दिवशी कुणीही वाचायचं नाही, नाहीतर त्यावरूनच जुंपेल. भाऊजींनी तरीही डबा आणलाच तर आणू द्या. फक्त आतल्या खोलीला कडी लावा, आणि डबा सगळ्यांच्या मधे बसून उघडायला सांगा.

जाऊबाईंना मात्र रविवारपर्यंत थांबू नका. आजच फोन करा, भाऊजी कामावर असताना.